घराण्याची नोंद ठेवताना साधन कोणतं निवडावं?

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते म्हटल्यावर सकाळपासून चौघांनी एकच प्रश्न विचारला, "घराण्याची माहिती गोळा करतोय, कुठलं ॲप घेऊ?" माझं सांगणं एवढंच, की भरलेली माहिती त्यातून पुन्हा बाहेर काढता येते का, ते आधी बघा.

आमच्या चुलत्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी सात पिढ्यांची वंशावळ संगणकावर टाइप केली, त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये. आज ती फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. चुलते आता नाहीत. आत्याच्या ट्रंकेत एक छापील प्रत सापडली, म्हणून त्या पिढ्या वाचल्या.

तेव्हा पहिली अट, मजकूर युनिकोडमध्ये हवा. दुसरी अट, सगळी माहिती 'जेडकॉम' स्वरूपात काढून घेता यायला हवी. हे स्वरूप १९८४ पासून आहे आणि वंशावळीची बहुतेक सॉफ्टवेअर ते वाचतात. मी 'ग्रॅम्प्स' वापरते. ते मोफत आहे आणि माहिती आपल्याच संगणकावर राहते.

तिसरी अट आपल्या घरांकडे बघून सांगते. जुने कुलवृत्तांत चाळा. लेक लग्न होऊन गेली की बहुधा तिची फांदी तिथेच थांबते. माझ्या आजीचं माहेरी एक कन्नड नाव होतं, सासरी दुसरं मराठी. माहेरचं नाव घरात कुणालाच आठवेना. शेवटी तिच्या भाच्याकडून कळलं. आपल्या अक्कलकोटात घरी कन्नड आणि शाळेत मराठी, असे आपण कितीतरी जण होतो. म्हणून एकाच व्यक्तीची दोन-तीन नावं ठेवता येतील असंच साधन घ्या.

आता रेकॉर्डिंगविषयी. त्याला फोन पुरतो. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव बोलून घ्या. आजोबा कन्नडमध्ये सांगत असतील तर त्यांना मराठीत बोलायला लावू नका. जुने फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्यांचा दर्जा घसरतो. आपलं संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. त्याआधीचे मोडीतले कागद घरात असतील, तर त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. नीट स्कॅन करा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा.

प्रत्येक नोंदीपुढे ती कुणी सांगितली, केव्हा सांगितली, हे लिहा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचं नाव, गाव, वाडवडील हे सगळं नोंदलेलं असतं. त्या वह्या टिकल्या, कारण पुढची पिढी त्या सांभाळत आली. आपल्याकडेही फाइल कुणाच्या हवाली करायची ते ठरवून ठेवा. तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवा, आणि एक कागदावर छापा. हयात माणसांच्या जन्मतारखा मात्र जाहीर करू नका.

ॲप निवडायला पुढच्या महिन्यात बसलात तरी चालेल. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोलणं मात्र याच आठवड्यात उरका. काही अडलं तर मला फोन करा.