शुगरची गोळी स्वस्त, डायलिसिस महाग: बिल कोण भरतं?

आजचा विषय जरा जड आहे, पण घराघरात शिरलेला आहे. आजारपणाचं बिल.

आधी आकडे सांगतो. भारतात आरोग्यावर 100 रुपये खर्च झाले, तर 2013-14 मध्ये त्यातले साधारण 64 थेट लोकांच्या खिशातून जायचे. 2021-22 मध्ये ते 39 वर आले. सुधारणा मोठी आहे, मान्य. पण त्या वर्षी सरकारचा आरोग्यखर्च होता जीडीपीच्या 1.84 टक्के. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं 2025 पर्यंत 2.5 टक्के ठरवले होते.

आता एवढ्या पैशांवर भार किती बघा. एकटा डायबेटिस घ्या. आयसीएमआरच्या 2023 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना तो आहे. मेटफॉर्मिनची गोळी काही रुपयांची, पण रोज घ्यायची आणि वर्षानुवर्षं. आयुष्मान भारत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण देते, पण ते ॲडमिट झाल्यावर. रोजची ओपीडी, रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. सरकारी केंद्रात गोळ्या मोफत असतात, पण स्टॉक संपला की मेडिकल गाठायचं. आणि महिनाअखेरीला सगळ्यात आधी बंद होते ती हीच गोळी, कारण दुखत तर काहीच नसतं!

शुगर मात्र आतून किडनी पोखरत राहते. किडनी गेली की आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिस, दर वेळी साधारण चार तास. म्हणजे वर्षाला 100 ते 150 वेळा. त्यासाठी 2016 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, गरिबांना मोफत. तो हवाच. पण गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी घरच्यांच्याच डोक्यावर.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात टेस्टिंगमध्ये सापडलेला बग दुपारपर्यंत निपटतो. तोच लाइव्ह गेला की अख्खी टीम रात्रभर जागते. आरोग्यात आपण लाइव्ह गेलेलेच बग निस्तरतोय.

म्हणून दोन कामं. मत मागायला कुणी आलं की विचारा, आपल्या आरोग्य केंद्रात शुगर-बीपीच्या गोळ्या बारा महिने असतात का? आणि तिशीपुढच्यांची शुगर-बीपी तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, तर आई-बाबांना याच आठवड्यात घेऊन जा. तिशी ओलांडली असेल तर स्वतःचीही करून घ्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!