पोस्टरमागची गाडी



नवा मराठी चित्रपट यायचा असला की आधीच्या आठवड्यात त्यातले कलाकार तुमच्या गावात येतात. कॉलेजात येतात, मॉलमध्ये नाचतात, गणपतीचे दिवस असले तर मंडळात आरतीला उभे राहतात. तुम्ही फोटो काढता, ते हात हलवतात आणि गाडीत बसून निघून जातात. त्या गाडीत पुढे काय होतं, ते आज सांगायचं आहे. गेली बरीच वर्षं मी चित्रपटांच्या प्रसिद्धीचं काम करते. दौऱ्याचं वेळापत्रक आखणं आणि सगळ्यांना वेळेवर पोचवणं, हे माझं काम.

आधी एक प्रश्न येतोच. एवढी धावपळ कशासाठी? टीव्ही आहे, मोबाईल आहे, घरबसल्या जाहिरात होते की! खरं आहे. पण चित्रपटगृहाचं गणित आठवड्याचं असतं. शुक्रवारी चित्रपट लागतो आणि सोमवारपर्यंत अंदाज येतो. पुढच्या शुक्रवारी किती खेळ मिळणार, की चित्रपट उतरणार, हे त्या तीन-चार दिवसांतल्या गर्दीवर ठरतं. एकही तिकीट गेलं नाही तर खेळ रद्दच होतो. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला सोयीची वेळ मिळत नाही, ही तक्रार जुनी. त्यावरून २०१५ साली राज्य सरकारला प्राइम टाइमचा निर्णय घ्यावा लागला. मोठा वाद झाला आणि शेवटी दुपारी बारा ते रात्री नऊ ही वेळ ठरली. पण खेळ मिळाला म्हणून खुर्च्या भरत नाहीत. त्या भरण्यासाठी गावोगाव जावंच लागतं.

हे काही आजचं नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे त्यांनी '५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि तिकीट फक्त तीन आणे' अशा थाटाची जाहिरात केली होती, असं सांगतात. म्हणजे चित्रपट करायचा आणि तो बघायला माणसं बोलवायची, ही दोन्ही कामं आपल्या पहिल्या निर्मात्यापासून एकाच्याच डोक्यावर आहेत. २००४ मध्ये 'श्वास' भारतातर्फे ऑस्करला गेला, तेव्हा तिकडे चित्रपट दाखवायला आणि त्याची प्रसिद्धी करायला पैसे हवे होते. ते उभे करायला साधी माणसं पुढे आली. चित्रपट चांगला असणं वेगळं आणि तो लोकांपर्यंत पोचणं वेगळं, हे तेव्हा घराघरांत कळलं.

आता गाडीत या. एक मोठी गाडी, तिच्यात सात-आठ माणसं. नायक, नायिका, दिग्दर्शक, मेकअप करणारे दादा, केस करणारी ताई, स्पॉटदादा, मी आणि चालक. मागे बॅगा, गुंडाळलेले बॅनर आणि एक उभा फलक. त्याचा पाय हमखास कुणाच्या तरी पाठीत रुततो. माझ्या पिशवीत इस्त्री, सुईदोरा, सेफ्टी पिना, चिकटपट्टी, सह्यांसाठी मार्कर आणि घशासाठी खडीसाखर-लवंग. सकाळी मुंबई सोडायची, दुपारी नाशिकला कॉलेज, मग वर्तमानपत्रांची कार्यालयं, एफएम, संध्याकाळी एखादा जाहीर कार्यक्रम आणि रात्री संभाजीनगरचा रस्ता. मेकअप गाडीतच होतो. गतिरोधक आला की दादा ब्रश वर उचलतात. हे त्यांच्या हाताला इतकं सवयीचं झालंय, की रस्त्याकडे बघावंही लागत नाही.

प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न ठरलेला. "शूटिंगच्या वेळचा एखादा गमतीदार किस्सा सांगा ना!" आता किस्से असून असून किती असणार? दोन. तेच दोन किस्से दिवसात पंधरा वेळा सांगायचे, तेही आत्ताच आठवल्यासारखे. विचारणाऱ्याची चूक नसते, तो पहिल्यांदाच ऐकत असतो. आमचे स्पॉटदादा मागे उभे राहून प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी हसतात. एकदा मी विचारलं, "दादा, तुम्हाला अजून हसू येतं?" म्हणाले, "ताई, एक हसला की बाकीचे हसतात. तेवढंच आपल्या पिक्चरला."

बाईमाणसाला दौऱ्यात सगळ्यात मोठी अडचण कसली, सांगू? स्वच्छतागृहाची. महामार्गावर बरं ठिकाण मिळेल की नाही याची खात्री नसते. म्हणून कित्येक अभिनेत्री, आणि आमची केस करणारी ताईसुद्धा, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हात, जरीच्या साडीत, दिवसभर. मग संध्याकाळी डोकं दुखतं, आणि बघणारे म्हणतात, "मॅडम जरा तुसड्याच वाटल्या." वेळापत्रक आखताना मी आता कार्यक्रमांच्या आधी थांबे लिहिते. कुठलं हॉटेल, कुठला पेट्रोलपंप, तिथे व्यवस्था कशी आहे, हे सगळं वहीत उतरवून ठेवलंय. दुसऱ्या चित्रपटांची मंडळीही ती वही मागून नेतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी चालवणारा माणूस. आम्ही कार्यक्रमात असतो तेव्हा चालकमामा उन्हात गाडीपाशी असतात. आम्ही रात्री गाडीत बसून झोपतो, तेव्हा त्यांची पाळी सुरू होते. आपल्या रंगभूमीनं आणि चित्रसृष्टीनं रस्त्यावर किती माणसं गमावली! १९८४ मध्ये अरुण सरनाईक गेले. २००१ मध्ये भक्ती बर्वे गेल्या. डिसेंबर २०१२ मध्ये द्रुतगती मार्गावर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं, आणि ही मंडळी काही प्रसिद्धीच्या दौऱ्यावर नव्हती. पण कलाकाराचं आयुष्य किती रस्त्यावर जातं, ते या नावांवरून कळतं.

मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. त्यात कामाची मर्यादा सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांची होती. आमच्या दौऱ्यात सकाळी सहाला सुरू झालेली गाडी रात्री एकलाही धावत असते. एका दौऱ्यात निर्मात्याच्या माणसानं चालकासाठी खोलीच घेतली नव्हती. "तो गाडीत झोपेल," म्हणाला. मी मामांना विचारलं, "झोप होते का हो गाडीत?" ते म्हणाले, "ताई, डोळे मिटतात. झोप कुठली?" त्या रात्री आम्ही निघालो नाही. दुसऱ्या दिवशीचा सकाळचा कार्यक्रम गेला. फोनवर बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण तेव्हापासून माझ्या दौऱ्यात दोन गोष्टी ठरल्या. चालकाला खोली आणि पलंग. आणि रात्री अकरानंतर गाडी हलणार नाही.

हे पाळायचं तर आयोजकांची साथ लागते. नऊला संपणारा कार्यक्रम साडेदहापर्यंत लांबतो, तो "ताई, अजून दहाच मिनिटं" या एका वाक्यानं. साहेब यायचे असतात, सत्कार राहिलेला असतो, शाल-श्रीफळ वाटेत असतं. प्रेमच असतं ते, नाही कसं म्हणू? पण ती दहा मिनिटं पुढे घाटात चालकाच्या डोळ्यांवर येतात.

तेव्हा तुमच्याकडे कुणी कलाकार आले, तर त्यांना वेळेवर सोडा. गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला जेवला का, ते विचारा, त्यालाही एक ताट वाढा. आणि चित्रपट बघायचाच असेल तर शुक्रवार ते रविवारात बघा. "पुढच्या आठवड्यात निवांत जाऊ" म्हणाल, तर पुढच्या आठवड्यात तो तिथे असेलच असं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)