एकच सिगार, चार मतं
(मंडळाच्या कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर दोन-तीन काकूंच्या भुवया वर गेल्या आहेत, ते मला इथून दिसतंय. म्हणून आधीच सांगतो, कुणाला सिगार ओढायला शिकवायचा माझा अजिबात विचार नाही. मला बोलायचंय ते मतांबद्दल. वस्तू एक, किंमत एक, डबाही एकच. मग चार शहाणी माणसं चार दिशांना तोंडं करून का बसतात? मी आयटी कन्सल्टंट. लोकांची परस्परविरोधी मतं ऐकून घेणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

आपली वस्तू म्हणजे क्यूबाची 'कोहिबा बेहिके'. कोहिबाची सुरुवात १९६६ सालची, आणि तीही विक्रीसाठी नव्हे. फिडेल कॅस्ट्रो आणि सरकारी पाहुणे यांच्यासाठी या सिगार वळल्या जात. सर्वसामान्य बाजारात त्या आल्या १९८२ साली. बेहिके ही त्यातली सगळ्यात वरची मालिका, २०१० सालची. तिच्यात 'मेदियो तिएम्पो' नावाचं पान असतं. तंबाखूच्या रोपाच्या अगदी शेंड्याला येणारी ही छोटी पानं प्रत्येक रोपाला येतही नाहीत. म्हणजे माल थोडा आणि भाव चढा. त्यात २०२२ साली कोहिबाच्या किमती जगभर एका पातळीवर आणायचं ठरलं, आणि जर्मनीत काही सिगार एका झटक्यात दुपटीहून महाग झाल्या.

तर आम्ही चौघांनी वर्गणी काढून, एकाच दुकानातून, एकाच डब्यातल्या चार बेहिके घेतल्या. एक नागपूरकर, एक कोल्हापूरकर, एक ऑफिसातला जर्मन मित्र आणि मी पुणेकर. (पुणेकर असल्यामुळे मत देण्याचा अधिकार जन्मसिद्ध!) आठवड्याने माझ्या बाल्कनीत जमलो. अट एकच: बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं मत कागदावर लिहायचं.

मी लिहिलं, "मऊ, थोडी कॉफी, थोडा मध. अप्रतिम." नागपूरकराने लिहिलं, "जळकं गवत. पैसे पाण्यात." कोल्हापूरकर म्हणाला, "सुरुवात झकास, शेवट कडू." जर्मन मित्राने नेहमीच्या शिस्तीत लिहिलं, "चांगली आहे. पण निम्म्याहून कमी किमतीची निकाराग्वाची सिगार मला जास्त आवडते."

आता सॉफ्टवेअरवाल्यांना माहीत असेल, "चालत नाही" एवढंच लिहिलेला बग रिपोर्ट कुठल्या कामाचा नसतो. कुठलं मशीन, कुठली आवृत्ती, आधी काय केलं होतं, हे सगळं लागतं. त्यावर प्रोग्रामरचं ठरलेलं उत्तर, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" आमची चारही मतं नेमकी अशीच होती. म्हणून आम्ही एकेकाचं 'मशीन' तपासायला बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे माल. ही सिगार हाताने वळतात. आत वेगवेगळ्या जातीची पानं लांबीच्या लांबी ठेवायची, त्यांना एका पानाने बांधायचं आणि वर पातळ, देखणं पान गुंडाळायचं. आतलं पान जरा जास्त दाबलं गेलं तर धूर नीट येत नाही, सैल राहिलं तर भराभर जळतं. एका डब्यातल्या दोन सिगार जुळ्या बहिणी असतात, पण झेरॉक्स नसतात.

दुसरी गोष्ट हवा. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. जानेवारीत हीटिंग चालू असलेल्या जर्मन घरात हवा किती कोरडी असते, ते आपले ओठच सांगतात. नागपूरकराची सिगार आठवडाभर हीटरवरच्या फळीवर होती. माझी दमट डब्यात होती. कोरडी सिगार गरम आणि तिखट जळते. म्हणजे त्याचं "जळकं गवत" हे मत चूक नव्हतं. फक्त ते फळीबद्दलचं मत होतं!

तिसरी गोष्ट ओढणाऱ्याची. सिगार जसजशी संपत येते तसतसा तिचा शेवटचा भाग उग्र होत जातो. मिनिटाला एखादा झुरका पुरतो. कोल्हापूरकर विडी ओढल्यासारखा ओढत होता, विझू नये म्हणून! शिवाय तो तांबडा रस्सा जेवून आला होता आणि जर्मन मित्र नुसती काळी कॉफी पिऊन.

चौथी गोष्ट किंमत. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात लोकांना तीच वाईन दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० ची लोकांना जास्त आवडली, एवढंच नव्हे, तर मेंदूतल्या सुखाशी निगडित भागाची हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे माणूस खोटं बोलत नसतो, त्याला ती खरोखरच चांगली लागते. जर्मनीत तर सिगारची किंमत करपट्टीवर छापलेली असते आणि दुकानदाराला ती कायद्याने पाळावी लागते. "तुला महाग पडली असेल" ही पळवाट इथे नाही. माझ्या "अप्रतिम" मध्ये त्या छापील आकड्याचा वाटा किती, ते सांगणं कठीण.

एवढं झाल्यावर आम्ही समाधानाने पाय पसरले. तेवढ्यात आमचा कोल्हापूरकर म्हणाला, "आपलं बरंय राव. आपलं मत चुकलं तर एक संध्याकाळ जाते. माझी मावशी निपाणीत विड्या वळायची. चेकर तिच्या विड्या हातात घ्यायचा आणि एका नजरेत त्यातल्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत. त्याचं मत म्हणजे तिची मजुरी!"

बाल्कनीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

निपाणी आपल्यापैकी अनेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेली आहे. विडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ. तिथेही पान कसं आहे, त्याला भाव काय, हे व्यापारी ठरवणार आणि पिकवणारा ऐकणार. त्याविरुद्ध १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. हे फक्त आपल्याकडचं असंही नाही. इथे वेस्टफालियात ब्युंडे नावाचं गाव आहे, 'सिगारचं शहर' म्हणूनच ओळखलं जाणारं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या भागात घरोघरी बायकामुलांसकट सिगार वळत असत. आज तिथे तंबाखू आणि सिगारचं संग्रहालय आहे. पुढच्या सुट्टीत मुलांना जरूर दाखवा, आणि सोलापूर, सिन्नर, निपाणीच्या विडी कामगार बायकांबद्दलही तिथेच सांगा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कुणी "भारी" किंवा "भिकार" म्हणालं की लगेच बाजू घेऊ नका. कुठे ठेवली होती, कशी ओढली, आधी काय खाल्लं, किंमत माहीत होती का, हे विचारा. चकलीपासून प्रोजेक्ट मॅनेजरपर्यंत सगळीकडे हे चालतं. आणि पाचवा प्रश्न आपला आपल्याला विचारायचा: माझ्या या मताची किंमत कोण मोजणार आहे? ऑफिसात एखाद्याचं वार्षिक मूल्यमापन लिहिताना मी आता हा प्रश्न आधी विचारतो.

राहिला काकूंचा मुद्दा. त्याबद्दल मात्र मतभेद नाहीत. धूर छातीत घेतला नाही तरी सिगारमुळे तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होऊ शकतो. फ्रॉइडसाहेब दिवसाला वीसेक सिगार ओढत. १९२३ साली तोंडात कॅन्सर निघाला, तिसाहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटली नाही. तिथे हीटर, फळी, तांबडा रस्सा यातलं काहीही बदलून निकाल बदलत नाही.

प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा. दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा.