यादीत नाव नसलेला खेळाडू

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी तुम्हांला एका अमेरिकन खेळाडूची हकीकत सांगणार आहे. त्याचा खेळ, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही. नाव फुटबॉल असले तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. संघात 'क्वार्टरबॅक' नावाची एक जागा असते. डाव सुरू झाला की चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. समोरून धिप्पाड गडी अंगावर धावून येत असतात आणि दोन-तीन सेकंदांत चेंडू कोणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावे लागते. संघाचा मेंदूच म्हणा ना!

वॉरन मून या जागेवर खेळत असे. त्याचा जन्म १९५६ साली लॉस एंजेलिसला झाला. तो सात वर्षांचा असताना वडील वारले. आई परिचारिका, घरात सहा बहिणी. स्वयंपाक, शिवण, इस्त्री ही सारी कामे तो लहानपणीच शिकला. (येथे बसलेल्या मुलग्यांनी हे वाक्य घरी जाऊन आईला जरूर सांगावे.) वर्षात एकच खेळ खेळायचा आणि उरलेले दिवस काम करून घराला हातभार लावायचा, असे त्याने ठरवले होते.

मून कृष्णवर्णीय. काळा मुलगा वेगाने पळतो हे त्या काळच्या अमेरिकेत सर्वांना मान्य होते. डोके चालवण्याची जागा मात्र त्याला द्यायला मन धजत नसे. "तुझ्यात गुण आहेत, फक्त जागा बदल," हे मूनला वारंवार ऐकावे लागले. तो बदलला नाही. आधी एका लहान कॉलेजात खेळला, मग वॉशिंग्टन विद्यापीठात गेला. तेथे सुरुवातीला आपल्याच मैदानावरचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवीत. जानेवारी १९७८ मध्ये 'रोझ बाउल' या मानाच्या सामन्यात त्याच्या संघाने मिशिगनला २७-२० असे हरवले आणि सर्वोत्कृष्ट खेळाडू मूनच ठरला.

त्यानंतर काही महिन्यांनी व्यावसायिक संघांची वार्षिक निवड झाली. २८ संघ, १२ फेऱ्या, तीनशेहून अधिक नावे. त्यांत मूनचे नाव नव्हते. आपल्याला वरच्या फेरीत कोणी घेणार नाही, हे ओळखून त्याने आधीच कॅनडातील एडमंटनच्या संघाशी करार केला होता. न्यायाने सांगायचे तर त्याच वर्षी डग विल्यम्स हा काळा क्वार्टरबॅक १७ व्या क्रमांकावर निवडला गेला. दार किलकिले झाले होते. एकाच माणसाला आत शिरता येईल, इतकेच.

पालकांनो, मला विचार करायला लावते ती गोष्ट वेगळीच. 'जागा बदल' म्हणणारे सगळेच काही त्याचे वैरी नसावेत. काहींना खरोखरच त्याचे भले व्हावे असे वाटत असेल. दहावीनंतर मुलगी विज्ञान शाखा मागते, तेव्हा "आपल्याला तिकडे कोण घेणार?" असे आपण म्हणतो, तेही मायेपोटीच. त्या मायेची किंमत कोण मोजते, याचा घरी विचार व्हावा.

एडमंटनची थंडी हाडे गोठवणारी. शिवाय पहिली काही वर्षे टॉम विल्किन्सन या ज्येष्ठ खेळाडूबरोबर त्याला जागा वाटून घ्यावी लागली. पण १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षे त्या संघाने 'ग्रे कप' जिंकला. १९८३ च्या एका हंगामात मूनने ५,६४८ यार्डांची फेक केली. मग मात्र अमेरिकेतले संघ त्याच्यासाठी चढाओढ करू लागले! १९८४ साली तो ह्यूस्टनला गेला. पहिल्या हंगामात तो संघ १६ पैकी १३ सामने हरला. संघ सावरायला वर्षे लागली. १९९० च्या डिसेंबरात कॅन्सस सिटीविरुद्ध एकाच सामन्यात त्याने ५२७ यार्ड फेक केली. २००६ साली अमेरिकन फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची निवड झाली. तो मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

सारेच मिळाले असे नाही. 'सुपर बाउल' हा अंतिम सामना त्याला कधीच खेळता आला नाही. ३ जानेवारी १९९३ रोजी बफेलोविरुद्ध त्याचा संघ ३५-३ असा पुढे होता आणि तरीही ४१-३८ असा हरला. पुढच्या हंगामात मून पुन्हा त्याच जागेवर उभा राहिला. २००० च्या हंगामानंतर त्याने खेळ सोडला, तेव्हा त्याचे वय ४४ होते.