गच्चीवरून दिसणारा डोंगर



भिंगारच्या माणसाला आलमगीर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब बादशहाचा मृत्यू इथं झाला. दफन खुलताबादला झालं, नाव मात्र इथल्या जागेला चिकटून राहिलं. इतिहासाची शिक्षिका म्हणून मी हे वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. पण याच बादशहाच्या अमलात, १६६१च्या सुमारास, दिल्लीत ज्याचा शिरच्छेद झाला तो फकीर कवी सरमद आर्मेनियातल्या ज्यू घराण्यातला होता असं मानतात, हे कधी सांगितलं नाही. आर्मेनिया म्हणजे माझ्या लेखी नकाशावरचा एक ठिपका होता. खाली इराण, डावीकडे तुर्कस्तान, वर जॉर्जिया, उजवीकडे अझरबैजान.

तिथं जायचं कारण इतिहास नव्हता. धाकट्या बहिणीची मुलगी येरेवानला डॉक्टरकी शिकायला गेली. दुसऱ्या वर्षाला तिचे फोन कमी झाले, बोलणं तुटक झालं. बहिणीला रजा मिळेना. "ताई, तू रिटायर आहेस, एकदा डोळ्यांनी बघून ये," म्हणाली. २०२३च्या मे महिन्यात, साठी उलटल्यावर, मी पहिल्यांदा विमानात बसले. बॅगेत शेंगदाण्याची चटणी, कुरडया आणि गुडघ्याचं तेल.

भाची एका आजीबाईंकडे भाड्यानं राहत होती. आजीला तिकडे 'तातिक' म्हणतात, तीही तातिकच म्हणायची. पोरगी वाळली होती. काय झालं विचारलं तर, "काही नाही गं मावशी." मी जास्त खोदलं नाही. शिक्षकीत एवढं शिकले आहे.

दुसऱ्या दिवशी ती मला मातेनादारानला घेऊन गेली. जुन्या हस्तलिखितांचं हे मोठं भांडार. दारातच मेस्रोप माश्तोत्स यांचा पुतळा आहे. त्यांनी इसवी सन ४०५च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली, अक्षरं ३६. आत एक अवाढव्य पोथी आहे, बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावरची. वजन २८ किलो. १९१५च्या कत्तलीत मुश गावच्या मठात ती दोन बायकांना सापडली. एकीला उचलेना, म्हणून दोघींनी तिचे दोन भाग केले आणि एकेक घेऊन पायी निघाल्या. एकीनं आपला भाग पोहोचवला. दुसरी वाटेत दगावली, पण त्याआधी तिनं तो पुरून ठेवला होता. पुढे तो एका अधिकाऱ्याच्या हाती लागला आणि दोन्ही भाग पुन्हा एकत्र आले. भाची हे सगळं सांगत होती, आणि सांगताना महिन्यांनंतर सलग बोलत होती. मी पोथीकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहिलं.

मग डोंगर. येरेवानहून पूर्वेला गार्नीची दरी आहे. तिथं कड्यावर षटकोनी खांबांच्या ओळी लटकल्यासारख्या दिसतात. कुणी घडवलेल्या नाहीत, लाव्हा थंड होताना पडलेल्या आहेत. दगड आपल्या सह्याद्रीचाच, काळा बेसॉल्ट. परक्या मुलखात ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं. पुढे गेघार्दचा मठ. त्याचा काही भाग बांधलेला नाही, डोंगर पोखरून काढलेला आहे. वेरूळ पाहिलेल्याला त्याचं नवल थोडं कमी वाटेल, मलाही आधी वाटलं. पण वरच्या दालनात गेले. खांबांसकट अखंड खडकात कोरलेलं, छताला एकच झरोका. कोरीव कामाचं साल १२८८. म्हणजे नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी व्हायच्या दोनच वर्षं आधी इथं छिन्नी चालत होती. त्या दालनात आवाज घुमतो, गाणारे मुद्दाम येतात. भाची म्हणाली, "मावशी, म्हण काहीतरी." मी पसायदान सुरू केलं. पहिल्या दोन ओळी माझ्या, पुढच्या आम्हा दोघींच्या. मध्येच तिचा आवाज बंद झाला. मी एकटीनं संपवलं. मागे वळून पाहिलं तर पोरगी भिंतीला डोकं टेकून रडत होती. एका विषयात नापास झाली होती आणि घरी सांगितलं नव्हतं. कर्ज काढून पाठवलेल्या मुलीला ते किती जड झालं असेल! पायऱ्यांवर बसून तिथूनच बहिणीला फोन लावला. बहीण आधी ओरडली, मग विचारलं, "जेवली का ती?"

सेवान तलाव आम्ही हसत पाहिला. समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटरवर आहे. आपल्या जिल्ह्यातलं कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. म्हणजे तिकडे तळ्याच्या काठी पाय सोडून बसलं, तरी आपण कळसूबाईच्या वरच!

शेवटच्या आठवड्यात तातिक आमच्याबरोबर खोर विरापला आल्या. ज्या खड्ड्यात संत ग्रेगरींना तेरा वर्षं डांबलं होतं असं सांगतात, तो खड्डा इथं आहे. आर्मेनिया इसवी सन ३०१मध्ये ख्रिस्ती झाला असं परंपरा सांगते, ती यांच्याच प्रभावानं. लोखंडी शिडीनं खाली उतरावं लागतं. गुडघ्यांनी नकार दिला, मी वरून डोकावले. बाहेर आले तर समोर अरारात. ५१३७ मीटर, कळसूबाईच्या तिपटीहून उंच आणि अर्ध्यापर्यंत बर्फ. आर्मेनियाच्या राजचिन्हावर हा डोंगर आहे, पण तो तुर्कस्तानात आहे. मठाखालच्या शेतांपलीकडे आरास नदी, तीच सरहद्द. १९९३पासून बंद. त्याच वर्षी फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा मदतीचे काही ट्रक पुलावरून पलीकडे गेले होते, तीस वर्षांत पहिल्यांदा. तातिकांची आजी पलीकडच्या कार्सकडून आलेली. तातिक रोज खिडकीतून अरारात पाहतात, कधी गेलेल्या नाहीत. त्यांनी भाचीमार्फत मला विचारलं, "तुमच्या घरातून कोणता डोंगर दिसतो?"

मी सांगितलं, शाह डोंगर. त्यावर अष्टकोनी दगडी इमारत आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, खरी ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर. गच्चीवर कपडे वाळत घालताना समोर असते. "वर गेलात की कसं दिसतं?" हा पुढचा प्रश्न. शाळेच्या सहलीला नेलं होतं मुलांना, त्यालाही वीसेक वर्षं झाली, हे सांगताना मला, खरं सांगते, लाज वाटली.

त्या सप्टेंबरात काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसं घरदार सोडून आली. तातिकांनी पाहुण्यांची खोली एका कुटुंबाला दिली, असं भाचीनं कळवलं. राहिलेला विषय ती पुढच्या खेपेला सुटली. सुट्टीत आली तेव्हा आम्ही दोघी पाथर्डी रस्त्यानं निघालो आणि दम खात महालावर चढलो. खाली नगर, भुईकोट किल्ला आणि अंदाजानं आमचं भिंगार. तिनं फोटो काढून तिथूनच तातिकांना पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं. घरापासून वर जायला किती वेळ लागला, एवढंच त्यांना हवं होतं.

रिक्षानं अर्धा तास, असं भाचीनं लिहिलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)