यादीतले सातवे नाव
(मंडळाच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवी झाल्यावर माझी शाळा सुटली ती सुटलीच. म्हणून कागदावर लिहून आणले आहे. वाचताना अडखळले तर सांभाळून घ्या.

अध्यक्षीणबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, विद्या बाळ. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या देवळाच्या खटल्यावाल्या?" होय, त्याच. पण तेवढ्याच नव्हेत.

आमच्या सासूबाई गेल्या, त्यानंतर माळ्यावरची त्यांची ट्रंक खाली काढली. मला वाटले जुनी लुगडी असतील. निघाले सुतळीने बांधलेले "स्त्री" मासिकाचे अंक. हे मासिक किर्लोस्करवाडीला १९३० साली सुरू झालेले. विद्याताई त्यात १९६४ साली साहाय्यक म्हणून आल्या आणि १९८३ ते १९८६ संपादिका होत्या. आपले मंडळ निघाले ते याच काळात, हे मला तेव्हा कळले. सासूबाई दुपारी दार लोटून काय वाचतात, असे सासरे विचारीत, तर त्या म्हणत, "पाककृती."

थोडे त्यांच्याविषयी सांगते. जन्म १२ जानेवारी १९३७ चा, निधन पुण्यात ३० जानेवारी २०२० रोजी. "स्त्री"मध्ये येण्यापूर्वी पुण्याच्या आकाशवाणीवर काम केले. "स्त्री" सुटल्यावर ऑगस्ट १९८९ मध्ये त्यांनी "मिळून साऱ्याजणी" हे मासिक काढले. नुसत्या लिहून थांबल्या नाहीत, गावोगाव जाऊन बोलल्याही. १९८२ साली पुण्यात मंजुश्री नावाच्या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. त्याने शहर हलले. विद्याताईंनी मैत्रिणींबरोबर नारी समता मंच उभा केला. मंचाने पोस्टरांचे प्रदर्शन केले आणि ते ठिकठिकाणी नेले. त्याचे नाव होते "मी एक मंजुश्री". हे नाव मला फार वेळ मनात राहिले. अमक्याची सून नाही, तमक्याची बायको नाही. मंजुश्री.

वाचनालयातून त्यांचे "कमलाकी" हे पुस्तक आणले. ते कमलाबाई देशपांडे यांचे चरित्र आहे. कमलाबाई म्हणजे "केसरी"च्या न. चिं. केळकरांची कन्या. लहान वयात वैधव्य आले. पुढे शिकल्या, आणि थेट प्रागपर्यंत जाऊन डॉक्टरेट मिळवून आल्या! मी नकाशात प्राग शोधले. विद्याताईही माहेरच्या केळकरच. घरातल्या बाईची हकिगत त्यांनी कागदावर आणली. आपल्या घरांतल्या बायकांची कोणी आणली?

इथे मला खरे सांगायचे आहे ते येते. ट्रंकेत अंकांखाली आपल्या मंडळाची पहिली वही होती. पहिल्याच पानावर संस्थापक सभासदांची यादी, सासूबाईंच्या हातची. सहा नावे. सहाही "सौ." आणि पुढे नवऱ्याचे नाव व आडनाव. सासूबाईंनी स्वतःचे नावसुद्धा लिहिलेले नाही, सासऱ्यांचे लिहिले आहे! त्यांतल्या दोघींची स्वतःची नावे काय होती, हे मी महिनाभर विचारीत हिंडले. एकीचे सापडले. दुसरीचा मुलगा म्हणाला, "आम्ही आई म्हणायचो."

पुढच्या पानावर खर्च. त्यात एक ओळ आहे: "तिळगूळ व लाडू, काकूंस रुपये पंचवीस."

या काकू कोण, हे इथे बसलेल्या निम्म्याजणींना ठाऊक आहे. पहिली सभा भरली ती काकूंच्याच ओसरीवर. सतरंजी त्यांची, चहा त्यांचा. पण काकूंचे यजमान त्या सव्विसाव्या वर्षी असतानाच वारले होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू दिवसभर तिळगूळ वळीत, आणि चार वाजता बायका यायला लागल्या की हात धुऊन मागच्या दाराने घरी जात. "सौ." लावता येईना, म्हणून त्यांचे नाव यादीत आलेच नाही. खर्चात आले. तेही नाव नव्हे.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. काकूंच्या आजारपणात त्यांनीच उशाशी बसून रात्री काढल्या. आणि तरी वही लिहिताना हात असा चालला. माझाही तसाच चालला असता. दहा वर्षे मी या मंडळाचे हळदीकुंकू केले आणि मागच्या दाराकडे एकदाही पाहिले नाही.

आता देवळाचा प्रश्न. काहीजणींना तो रुचला नाही, मलाही रुचला नव्हता. विद्याताई आणि नीलिमा वर्तक यांनी उच्च न्यायालयात अर्ज केला होता. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबईला न्यायालयाने सांगितले की पुरुषांना जिथे जाता येते, त्या देवळात जायला बाईला अडवता येणार नाही. कायदा १९५६ सालचाच होता, साठ वर्षे तो कोणी बायकांसाठी उघडला नव्हता. पुढे पाडव्याला शिंगणापूरचा चौथरा मोकळा झाला. मी स्वतः चौथऱ्यावर जाणार नाही, माझे मन होत नाही. पण मी न जाणे वेगळे आणि मला अडवणे वेगळे, एवढे मला आता कळते. काकूंना तर कोणी अडवलेही नव्हते. त्या आपणहून उठून जात. ह्याला कोणते न्यायालय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवांच्या असल्या प्रथा बंद केल्या. ते पाहायला विद्याताई नव्हत्या. गावाला जमले, आपल्याला एक वही दुरुस्त करायची होती.

गेल्या महिन्यात मी काकूंकडे गेले. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येते. मोठ्याने म्हटले, "काकू, स्मरणिकेत संस्थापकांची यादी छापायची आहे. तुमचे नाव सांगा." त्यांनी यजमानांचे नाव सांगितले. म्हटले, "तुमचे." बराच वेळ त्या नातवाच्या दप्तराचा पट्टा चाळवत बसल्या. मग माहेरचे नाव सांगितले, नंतर सासरचे. "कुठले लिहू?" तर म्हणाल्या, "दोन्ही लिही, जागा असली तर." आधी श्रीमती लावायचे का, विचारले. नको म्हणाल्या.

छापखानेवाल्याने जागा काढून दिली आहे. सातवे नाव त्यांचे आहे. ज्या सभासद-भगिनीचे नाव सापडले नाही, तिच्यासाठी पाचव्या ओळीत रेघ ठेवली आहे. कोणाला आठवले तर चिटणिसांकडे कळवावे.

संक्रांतीचे हळदीकुंकू नेहमीप्रमाणे चार वाजता. तिळगूळ यंदा आपण वळायचा आहे, काकू समोर खुर्चीवर बसणार आहेत. गूळ कोणी आणायचा ते मात्र आजच ठरवून टाकू.