पटसंख्या आणि तिजोरी



खानदेशातील अध्यापकांच्या या सभेच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल आपले ऋण मानून, विद्येच्या माहात्म्यावरील नेहमीचे निरूपण आज मी टाळणार आहे आणि विद्वत्सभेत किंचित अप्रशस्त मानल्या जाणाऱ्या जमाखर्चाच्या विषयालाच हात घालणार आहे.

15 ऑगस्ट 1990 रोजी पुणे विद्यापीठापासून विभक्त होऊन जळगावी जे विद्यापीठ स्थापन झाले आणि 2018 मध्ये ज्याला कवयित्री बहिणाबाईंचे नाव लाभले, त्याच्या स्थापनेमागे, खानदेशातील मुलाला उच्च विद्येसाठी घाट ओलांडून परमुलखी जावे लागू नये, ही साधी अपेक्षा होती. त्याच्याही कितीतरी आधी, 1916 मध्ये, अमळनेरला गिरणीमालक प्रतापशेठांनी आपल्या गिरणीच्या नफ्यातून तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. या विषयाला विद्यार्थी किती मिळतील, ही पृच्छा त्यांनी प्रथम केली असती, तर ते मंदिर बहुधा कागदावरच राहिले असते. आज मात्र तीच पृच्छा नव्या विषयाच्या प्रत्येक अर्जाच्या माथ्यावर असते.

याचे कारण उघड आहे. अनुदानित महाविद्यालयातील मंजूर पदांचे वेतन सरकारी खजिन्यातून येते. परंतु रिक्त पद भरण्याची परवानगी वर्षानुवर्षे रखडते, त्या जागी तासिका तत्त्वावर नेमलेला उच्चविद्याविभूषित तरुण तासागणिक मोजून पैसे घेतो, आणि विद्यापीठाचा वेतनेतर खर्च संलग्नता शुल्कावर व परीक्षा शुल्कावर मोठ्या प्रमाणात चालतो. म्हणजे परीक्षार्थी घटला की तिजोरी घटते. त्यात ज्यांचा लौकिक जुना, ती महाविद्यालये स्वायत्त होऊन आपल्या परीक्षा आपणच घेऊ लागली. स्वायत्ततेला माझा विरोध नाही, परंतु दुबळ्या महाविद्यालयांचा भार विद्यापीठाकडे ठेवून सबळांचे शुल्क काढून घेणारा हा व्यवहार कोणत्या हिशेबनिसाने मांडला, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

या टंचाईवर उपाय म्हणून आपल्याला स्पर्धेचा उपदेश केला जातो. ही स्पर्धा दिसते कशी? बारावीचा निकाल लागला की, तत्त्वज्ञान शिकवणारा पन्नाशीचा प्राध्यापक माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन शिरपूर-शहाद्याच्या उन्हात कनिष्ठ महाविद्यालयांचे उंबरठे झिजवतो, कारण तुकडी भरली नाही तर कार्यभार कमी होतो आणि कार्यभार कमी झाला की तो स्वतः अतिरिक्त ठरतो. एकाच गावच्या दोन महाविद्यालयांतील सहकारी एकाच मुलाच्या ओट्यावर भेटतात आणि ओशाळून चहा घेतात. मुलगा हुशार असेल, तर तो यांपैकी कोणाकडेच येत नाही. तो पुण्याला जातो. ज्याच्या घरी पुण्याचे भाडे परवडत नाही, तो राहतो, आणि त्याच्यासाठी कोणी स्पर्धा करीत नाही.

अशांपैकीच एखादी दुर्गम धडगावची मुलगी जळगावच्या प्रयोगशाळेत शिकायला निघाली, तर तिला रोज जाऊन येणे अशक्य. वसतिगृहात जागा मिळेतो आणि शिष्यवृत्ती खात्यावर जमा होईतो खानावळीचे पैसे कोणी भरायचे? शुल्कमाफीचे शासननिर्णय निघतात, आणि ते निघावेतच. पण जेवण, खोली आणि एस.टी.चे भाडे यांची तरतूद त्यांच्या कलमांत शोधूनही सापडत नाही. प्रवेश घेतलेली अशी मुलगी दिवाळीनंतर परत आली नाही, तरी पटावर तिचे नाव असते आणि आपण निश्चिंत असतो.

म्हणून, केवळ प्रवेशाच्या आकड्यावर अनुदान आणि पदे ठरवण्याचा शिरस्ता मोडावा, दुर्गम तालुक्यांतून आलेला विद्यार्थी दुसऱ्या व तिसऱ्या वर्षात टिकला तर त्याच्यासाठी महाविद्यालयाला जादा रक्कम द्यावी, आणि स्वायत्त महाविद्यालयांमुळे परीक्षा शुल्कात आलेल्या घटीची भरपाई विद्यापीठाला खजिन्यातून मिळावी, अशा तीन मागण्यांचा ठराव मी उद्याच्या सत्रापुढे ठेवीत आहे. त्यातील पहिल्या मागणीवर संस्थाचालक नाराज होतील, याची कल्पना मला आहे, आणि म्हणूनच मतदान हात वर करून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.